सम्राटाचे गुडघे

न्हाव्यानं त्याच्या दोन्ही गालांना फेस लावला, वस्तरा उघडला, आणि नेमका त्याच क्षणी त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला. आरशाखालच्या फळीवर, कंगव्यांच्या भांड्याला टेकवून ठेवलेल्या न्हाव्याच्या फोनमधून तो येत होता. शंकेला जागाच नव्हती. स्वतःचा आवाज आणि स्वतःची चप्पल माणूस हजारांत ओळखतो. फक्त हा आवाज जे बोलत होता ते तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. मागे पत्र्याचे डबे बडवल्यासारखा ठेका होता, आणि त्या ठेक्यावर त्याचा तो खर्जातला, भारदस्त, घरोघरच्या पोरांना पांघरुणात तोंड लपवायला लावणारा आवाज म्हणत होता, "कोण आहे रे तिकडे? गुडघे माझे दुखतात, बरं का! सिंहासन आहे, उशी नाही, बरं का! सैन्य पाठवा, सैन्य पाठवा, उशी आणा, बरं का!" तोंडाला फेस, मानेभोवती टॉवेल आणि गळ्याशी वस्तरा अशा अवस्थेत धक्का बसला तरी तो धड बसूनही घेता येत नाही. "हलू नका हं, साहेब," न्हावी म्हणाला, आणि स्वतःच गदगदा हलत होता. "ऐकलंत का हे? त्या 'विझलेले सूर्य'मधला सम्राट नाही का, त्याचं रॅप केलंय कोणीतरी. चित्रंपण काढलीत. डोकं बघा काय एकेकाचं! माझी आई तर दिवसभर लाव लाव म्हणून मागे लागते. तिचेही गुडघे दुखतात ना." त्यानं आरशात पाहिलं. फेसातून उघडं राहिलेलं एक तोंड तेवढं दिसत होतं, आणि ते घट्ट मिटलेलं होतं.

डबिंग बघणाऱ्या मॅडमनी काल फोन का केला होता ते त्याला आत्ता, फेसाखाली, उमगलं. "काका, परवा, म्हणजे सोमवारी जरा लवकर याल? कंपनीचा माणूस येतोय. सुरुवात करण्याआधी थोडं बोलायचंय." त्या 'थोडं'नं त्याची रात्रीची झोप थोडी उडवली होती. 'विझलेले सूर्य' या परदेशी चित्रपटमालिकेचा शेवटचा भाग डबिंगला आला होता. आत्तापर्यंतच्या सगळ्या भागांत आपल्या भाषेतला सम्राट तोच बोलला होता. पडद्यावर तो परदेशी नट, उंच, हडकुळा, लांब जबड्याचा. आणि काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, पोट सांभाळत उभा असलेला हा. शेवटच्या भागात सम्राट मरणार होता. तो मरणप्रसंग आपल्या तोंडून व्हावा, मग खुशाल घरी बसावं, एवढीच एक इच्छा त्यानं बरेच दिवस मनात धरली होती. बायकोला सांगितली नव्हती, कारण इच्छा सांगितली की ती दृष्ट लागल्यासारखी हुकते असा त्याचा अनुभव. आणि आता गावभर सम्राटाचे गुडघे दुखत होते. हसू झालेल्या आवाजाला कोण मरू देतं? मरणाला माणसं रडायला हवीत. सम्राटानं डोळे मिटले आणि मागच्या रांगेतून कोणी 'उशी आणा' म्हणून ओरडलं तर कंपनीचे सगळे तारे, सगळी याने, सगळा खर्च पाण्यात. त्यानं मनातल्या मनात कंपनीच्या माणसाची बाजू मांडून पाहिली आणि ती इतकी बिनतोड निघाली की त्याची पाचावर धारण बसली.

दाढी झाली, न्हाव्यानं तुरटी फिरवली, "परत या" म्हणाला. त्यानं पैसे दिले आणि बाहेर पडला. त्याला नेहमी वाटायचं की सम्राटाच्या आवाजात एकदा कुठेतरी बोलावं, बसमध्ये, दुकानात, आणि समोरच्यानं दचकून वर बघावं. पण त्याचा रोजचा आवाज बारीक होता, जरासा नाकातला. सम्राट पोटातून यायचा, उभं राहिल्याशिवाय यायचा नाही. रस्त्यावर ऊन होतं. समोरून दोन बायका बोलत येत होत्या आणि सवयीनं त्याची नजर त्यांच्या डोळ्यांवर न जाता ओठांवर गेली. ही सवय धंद्यानं लावलेली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या ओठांमागे धावून त्याला माणसं चेहऱ्यानं लक्षात राहत नसत, तोंडांनी राहत. कोणाचं तोंड बोलणं संपल्यावरही किंचित उघडं राहतं, कोण 'प' म्हणताना खालचा ओठ चावतो, कोणाचे ओठ शब्दांच्या आधीच निघतात. त्या परदेशी नटाचं तोंड तर त्याला बायकोच्या तोंडापेक्षा जास्त पाठ होतं. तो नट वाक्य संपलं तरी थांबत नसे; जबडा आणखी एकदोनदा हलवायचा, जणू काही उरलंसुरलं चावतोय. आपली भाषा आटोपशीर, संवादलेखकानं लिहिलेलं वाक्य संपायचं, आणि पडद्यावर तोंड आपलं चालूच. त्या उघड्या तोंडात काहीतरी घालावं लागे. हलत्या ओठाला रिकामं ठेवायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला पहिला पाठ. रिकामा हलता ओठ म्हणजे प्रेक्षकाला शिवण दिसली.

'बरं का' असंच गेलं होतं. तिसऱ्या भागात, पकडून आणलेल्या त्या बाई सेनापतीला सम्राट धमकावतो, "तुझं जग मी राखेला मिळवीन," आणि वाक्य संपून जबडा हललाच. दिवसाची शेवटची वेळ. मागच्या दोन प्रयत्नांत तो 'ऐकलंस?' म्हणाला होता, ते ओठांत बसेना. तिसऱ्या वेळी काही ठरवायच्या आत पोटातून निघून गेलं, "बरं का." बसलं मात्र असं की हातमोज्यात हात बसावा! रेकॉर्डिस्टनं अंगठा दाखवला, दिवे गेले, सगळे घरी गेले. चित्रपटगृहात, अंधारात, त्यानं ते पहिल्यांदा ऐकलं. विश्वाचा सम्राट, तारे विझवणारा, आणि बोलतोय कसा, तर वाण्याला उद्या पैसे देतो म्हणणाऱ्या माणसासारखा. चार खुर्च्या पलीकडे कोणी फिसकन हसलं. पंडित, म्हणजे त्यांचा संवादलेखक, ज्याला सगळे पाठीमागे पंडित म्हणत आणि तोंडावरही म्हणत, तो मध्यंतरात त्याच्याजवळ येऊन फक्त एवढंच म्हणाला, "मी असं लिहिलं नव्हतं." नंतर इतकी वर्षं दोघं एकमेकांशी फक्त हवापाण्यावर बोलले. बरं, तो शब्द त्याचाही नव्हता. तो त्याच्या वडिलांचा. वडील शाळेत भूगोल शिकवायचे, आणि पृथ्वी असो की पोटदुखी, वाक्याच्या शेवटी त्यांचं 'बरं का' ठरलेलं. "चंद्राला स्वतःचा उजेड नाही, बरं का." वर्गातली पोरं त्यांना तेच नाव ठेवून मोकळी झाली होती. आपला बाप शाळेत चिडवण्याचा विषय आहे हे कळण्याचं एक वय असतं, आणि त्या वयात त्यानं ठरवलं होतं की आपण हा शब्द कधी म्हणून म्हणायचा नाही. ठरवलेलं असं दमलेल्या वेळी मागच्या दारानं बाहेर पडतं.

घरी आला तेव्हा बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात काहीतरी कुजबुजत होत्या आणि तो आत येताच गप्प झाल्या. त्या गप्प होण्यातच त्याला सगळं कळलं. मुलगी तेवढ्यासाठी तिच्या सासरहून आलेली दिसत होती. रविवारी सकाळी सहज येणाऱ्यांतली ती नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?" बायको म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. ओठ आधी निघायचे.

"गुडघे."

मुलीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "बाबा, तू चिडू नकोस हं. आम्ही सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"अहो, असं काय बोलता," बायको म्हणाली. "किती दिवस झाले, रोज म्हणते, आज सांगू, उद्या सांगू. तुमचं सोमवारचं एकदा पार पडू दे म्हटलं. आधीच तुमचं तोंड एवढंसं झालेलं."

"कोणी केलंय?"

"ते कळत नाही ना," मुलगी म्हणाली. "'करपलेला रोबो' असं नाव लावलंय. कोणी मुलगा असेल, मुलगी असेल. सगळे भाग पाठ आहेत त्याला. तुझा एकेक शब्द कापून कापून जोडलाय, बाबा. दुसऱ्या कोणाचा आवाज नाहीच त्यात. तू बघितलंस?"

"बघितलं नाही. ऐकलं. वस्तऱ्याखाली."

यावर मुलगी हसली, मग तोंडावर हात ठेवला, मग बायको हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला नाही. त्याला राग आला. निदान यायला हवा होता असं वाटलं. घरची माणसं आपल्याला हसतात म्हणजे बाहेरच्यांचं काय सांगावं; पण त्याच वेळी त्याच्या हेही लक्षात आलं की या दोघींना असं एकत्र हसताना त्यानं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. "दाखव," तो म्हणाला. मुलीनं फोन त्याच्या हातात दिला नाही. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि तिघं दुपारच्या उन्हाकडे पाठ करून समोर बसली, पत्रिका बघायला आलेल्या पाहुण्यांसारखी गंभीर.

पहिल्यांदा त्याला चित्र दिसलंच नाही. त्याला शब्द दिसले. प्रत्येक शब्दाला त्याचं त्याचं वय होतं. 'गुडघे' पहिल्या भागातलं, "गुडघे टेका!" मधलं; तेव्हा ही मुलगी बायकोच्या पोटात होती आणि तो स्टुडिओत घसा खरवडून ओरडून आला की बायको म्हणायची, हळू बोला, ती दचकते. 'दुखतात' चौथ्यातलं, तेव्हा त्याला सर्दी झाली होती आणि दिवस पुढे ढकलता येत नव्हता, म्हणून त्या 'ख'मध्ये जरासं नाक होतं. 'उशी' हा शब्द तर कुठल्याच भागात नव्हता. तो थबकला, परत लावायला सांगितलं, आणि ओळखलं: पाचव्या भागातलं "उशिरा आलास" मधलं 'उशिरा'; त्या करपलेल्या रोबोनं अर्ध्यावर कापून उशी शिवली होती. आणि 'कोण आहे रे तिकडे' हे वडील गेल्यावर पंधरवड्याच्या आत केलेल्या प्रसंगातलं, अंधाऱ्या दालनात सम्राट एकटा असतो तिथलं. तेव्हा मॅडमच्या आधीचे दिग्दर्शक म्हणाले होते, छान भीती आणलीत. त्यानं आणली नव्हती. ती घरूनच बरोबर आली होती. अशा त्या एका ओळीत तो तिशीत सुरू व्हायचा, पन्नाशीत जायचा, मध्येच चाळिशीत येऊन शिंकल्यासारखा बोलायचा, आणि सगळं एकाच श्वासात, ठेक्यावर. आपलं सगळं आयुष्य कोणीतरी कात्रीनं कापून गोधडीसारखं शिवलंय आणि वर टांगून ठेवलंय, असं त्याला वाटलं. लाज वाटली नाही. याचंच त्याला नवल वाटत राहिलं.

दुसऱ्यांदा त्यानं चित्र पाहिलं. सम्राट ओबडधोबड रेषांचा होता, नाक पोपटाचं, मुकुट जरा तिरका, सिंहासनावर पाय लोंबकळलेले. बाकीची पात्रं, ती सेनापती बाई, तिचा तो शिट्ट्या वाजवणारा यंत्रमानव, मागे उभी राहून कंबर हलवत होती. पण तोंड! त्यानं फोन जवळ ओढला. सम्राट 'कोण' म्हणायच्या आधी चित्रातले गाल आत जात होते. श्वास घेत होते. त्याचा श्वास, मायक्रोफोनसमोर तो नेहमी घेतो तसा, नाकानं अर्धा आणि तोंडानं अर्धा, जो रेकॉर्डिस्ट नंतर पुसून टाकतात आणि कधी कधी पुसायचा राहतो. जिथे जिथे तो राहिला होता तिथे तिथे त्या कोणीतरी तो ऐकला होता आणि त्याला गाल काढले होते. 'पाठवा'च्या 'प'ला ओठ मिटत होते, अगदी वेळेवर, 'ठ'ला जीभ दिसत होती. हे काम किती वेळचं आहे ते त्याला न सांगता कळलं. एकेक तोंड काढायचं, लावून बघायचं, पुसायचं, परत काढायचं. एक ओळ पुनःपुन्हा ऐकल्याशिवाय हे होत नाही, आणि इतक्या वेळा तर त्याचं बोलणं बायकोनंही ऐकलेलं नव्हतं. आयुष्यभर तो दुसऱ्यांच्या ओठांमागे आवाज घेऊन धावला होता. धापा टाकत, एक अक्षर जास्त झालं की गिळत, एक कमी पडलं की भरत. आणि हे पहिलं तोंड होतं जे त्याच्या आवाजामागे धावत होतं. कुठल्यातरी खोलीत कोणीतरी त्याच्यासाठी थांबलं होतं, की याचं होऊ दे, मग आपण ओठ हलवू. त्याला एकदम भरून आलं. "काय झालं?" बायकोनं विचारलं. "काही नाही," तो म्हणाला, "फार मेहनत घेतली आहे गं."

"आता बघ, आता बघ," मुलगी म्हणाली, "इथे सगळे जास्त हसतात." रॅपच्या शेवटी ठेका थांबतो. सम्राट उभा राहतो, हात वर करतो, मोठं भाषण ठोकायला तोंड उघडतो, आणि आवाजच नाही. कापायचे शब्द संपले असावेत. तोंड उघडतं, मिटतं, उघडतं, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. सेनापती वाट बघते. यंत्रमानव वाट बघतो. सम्राट इकडे तिकडे बघतो, खांदे उडवतो आणि गुपचूप खाली बसतो. बस्स. एवढंच. आणि त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, सम्राट जिथून येई तिथूनच. टेबल हललं, फोन आडवा पडला, डोळ्यांतून पाणी आलं. त्या दोघी त्याच्याकडे बघून हसायला लागल्या आणि मग कोण कशाला हसतंय याचा हिशेब राहिला नाही. हसता हसता त्याला जाणवलं की आपण मागच्या कितीतरी वर्षांत त्या एका गोष्टीला भीत आलो होतो, तोंड हलतंय आणि शब्द नाहीत, आणि ती गोष्ट आत्ता भर दुपारी, तिघांसमोर, होऊन गेली होती. कोणाचं काही बिघडलं नाही. सम्राट खाली बसला, झालं.

दोघी जेवणाची भांडी आवरायला लागल्यावर तो खिडकीशी बसला आणि जे आठवायचं नव्हतं ते आज फारसं न खुपता आठवलं. वडिलांचा शेवट. दवाखान्यातली खाट, पायाशी त्याची थोरली बहीण, उशाशी तो. वडिलांचा आवाज दोन दिवसांपासून गेलेला. संध्याकाळी त्यांचे ओठ हलायला लागले. बारीक, कोरडे, तीन-चार वेळा. ताई पुढे वाकली, "काय म्हणतायत रे? तुला कळतं ना? काय म्हणतायत?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, एक क्षणही मध्ये न जाता, ओठांच्या हालचालीवर काटेकोर बसणारं, "'सांभाळून राहा' म्हणतायत." ताईनं पदर डोळ्यांना लावला. रात्री वडील गेले. ते शब्द ताईनं आजवर जपलेत. कोणी भेटायला आलं की ती सांगते, जाता जाता अण्णा 'सांभाळून राहा' म्हणाले. फोटोखाली लिहून घेतलेत. आणि दर वेळी ती सांगते तेव्हा हा मान खाली घालून बसतो, कारण ते वाक्य अण्णांचं नव्हतं. उघड्या ओठात घातलेलं होतं, धंद्याच्या सवयीनं. अण्णा काय म्हणत होते ते कोणाला कधीच कळणार नव्हतं, आणि कळायच्या वाटेवर हा आडवा उभा राहिला होता, आपलं डबिंग घेऊन. पाणी मागत होते का? ताईला हाक मारत होते? याला काही सांगत होते? रात्री-बेरात्री तो त्या ओठांवर एकेक वाक्य लावून बघे आणि सगळीच बसत. तोच तर त्याचा हातखंडा. पण आज, पोट हसून दुखत असताना, त्याला पहिल्यांदाच वाटलं की कदाचित ते काहीच म्हणत नव्हते. ओठ सुकले होते, म्हणून हलले असतील. माणसाचं तोंड कधी कधी नुसतं हलतं. त्यात अर्थ शोधत बसायची आणि तो सापडला नाही म्हणून झुरायची गरज नाही. एवढं साधं त्याला इतकी वर्षं कसं सुचलं नाही, आणि सुचलं ते कोणाच्या कृपेनं, तर एका करपलेल्या रोबोच्या. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते हेच असणार. खिडकीत ऊन तसंच होतं. स्वयंपाकघरात बायको सम्राटाच्या चालीवर "भांडी माझी घासा, बरं का" म्हणत होती आणि मुलगी खिदळत होती.

सोमवारी स्टुडिओत कंपनीचा माणूस आधीच येऊन बसला होता. तरुण, नीटनेटका, बूट इतके स्वच्छ की रस्त्यावरून चालत आला नसावा. मॅडम चहाच्या पेल्याशी उगाच खेळत होत्या. या मॅडम वयानं त्याच्या मुलीएवढ्या, पण डबिंग त्यांच्या हाती आल्यापासून कोणाला वेडावाकडा शब्द बोलल्या नव्हत्या, आणि आज बोलावा लागणार म्हणून बिचाऱ्या आधीच कानकोंड्या झाल्या होत्या.

"काका, सरळच सांगतो," माणूस म्हणाला. "राग मानू नका. आम्ही थोड्या लोकांना जाहिरात दाखवली. तुमचा आवाज आला की लोक हसतात."

"हो," तो म्हणाला. "मीपण हसलो. काल चार वेळा बघितलं."

माणूस जरा गडबडला. त्यानं तयार करून आणलेली वाक्यं बहुधा वेगळ्या उत्तरासाठी होती. "तसं नव्हे, बघा, म्हणजे शेवटचा भाग आहे. सम्राट मरतो. तिथे लोक हसले तर..."

"तर वाईट," तो म्हणाला. "मग काय करायचं ठरवलंत?"

मॅडम मध्ये पडल्या. "काका, मी यांना म्हटलं, आधी मरणप्रसंगच करून बघू. शेवटून सुरुवात. यांना पटलं तर पुढे सगळं तुम्हीच. नाही पटलं तर..." आणि त्या चहा प्यायल्या.

"नाही पटलं तर दुसरा बघा," तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला सुटसुटीतपणा ऐकून त्याला बरं वाटलं. काल सकाळपर्यंत याच वाक्याच्या कल्पनेनं त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. काम नको होतं असं नव्हे. हवंच होतं, जिवापाड हवं होतं. फक्त आता हातातून गेलं तरी हात शाबूत राहतील एवढी खात्री होती.

काचेच्या खोलीत तो उभा राहिला, हेडफोन लावले, पायांत अंतर घेतलं. पडद्यावर सम्राट सिंहासनाच्या पायऱ्यांवर कोसळलेला होता, मुकुट बाजूला, त्या हडकुळ्या नटाचा चेहरा रंगाखालीही म्हातारा दिसत होता. इतक्या वर्षांत तोही थकला होता, हे याच्या ध्यानातच आलं नव्हतं; हा नेहमी जबड्याकडेच बघत आला. समोर ती सेनापती उभी. लेखकानं लिहिलेलं वाक्य लहान होतं: "इथे... उजेड कमी झालाय का?" आणि मूळ चित्रात त्यानंतर ओठ बरेच हलत होते, काय म्हणतो ते मूळ आवाजातही कळत नव्हतं, नुसती कुजबुज. कागदावर त्या जागी कंसात लिहिलं होतं, 'काहीतरी भरावे'. दिवा लाल झाला. त्यानं श्वास घेतला, नाकानं अर्धा, तोंडानं अर्धा, आणि ते वाक्य म्हटलं. मोठ्यानं नव्हे. सम्राट पोटातून यायचा तो आज तिथून निघून गळ्यापर्यंत येता येता त्याच्याच रोजच्या बारीक, जरा नाकातल्या आवाजाजवळ येऊन थांबला. "इथे उजेड कमी झालाय का?" म्हणजे एखादा म्हातारा संध्याकाळी घरच्यांना विचारतो तसं. वाक्य संपलं. पडद्यावर जबडा हलायला लागला. आतून सवयीनं शब्द धावून आले, रांग लावून, 'मी', 'नाही', 'थांब', 'सगळं संपलं', एकाहून एक बसणारे, ओठांच्या मापाचे. त्यानं त्यांना येऊ दिलं आणि दाराशीच उभं केलं. ओठ हलत राहिले. तो नुसता बघत राहिला, पहिल्यांदाच पूर्ण चेहरा, डोळ्यांसकट.

हेडफोनमध्ये मॅडमचा आवाज आला, अगदी हळू. "काका, ओठ हलतायत अजून."

"हलू देत," तो म्हणाला.

पडद्यावरची हालचाल मंद झाली, थांबली, नटाचं तोंड किंचित उघडं राहिलं. चित्र काळं झालं. त्यानं काचेतून पाहिलं. रेकॉर्डिस्टचा हात बटणावर तसाच होता. मॅडम खाली बघत होत्या. कंपनीचा माणूस खुर्चीवरून पुढे सरकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून, आणि हसत नव्हता. त्याचे ओठ हलले; काच जाड होती, आवाज इकडे येत नव्हता. तो काय म्हणतोय ते या वेळी त्यानं ओळखायचा प्रयत्न केला नाही. खाली ठेवलेला पाण्याचा पेला उचलला, सावकाश प्यायला, आणि मॅडम बटण दाबून सांगतील तोवर आरामात उभा राहिला. त्यांनी बटण दाबलं.

"काका," त्या म्हणाल्या, "पहिल्या प्रसंगापासून लावतेय. दमला नाहीत ना?"